हातात घेऊन बघितलेला फोन

आमच्या घरात कुठलीही वस्तू नुसती विकत आणली जात नाही, ती आधी पास व्हावी लागते. लग्न झालं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नव्या संसारात हौसेनं मी एक स्टीलचा डबा आणला, तर आमच्या ह्यांनी त्याचं झाकण लावून, काढून, काठावरून अंगठा फिरवून बघितलं आणि एका बाजूनं सैल बसतंय म्हणून परत करायला लावला. मला ते झाकण चांगलं झाकणासारखं दिसत होतं. दुकानदारासमोर मान खाली घालून मी डबा बदलून आणला. त्या बदललेल्या डब्यात आजही आमची साखर असते. तिला कधी मुंगी लागली नाही, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आधीच कमी का मिजास आहे!

हे इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हे, कारखान्यातले. भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात पितळी व्हॉल्व बनायचे, आणि बनलेला माल बाहेर पडण्याआधी ह्यांच्या टेबलावरून जायचा. टेबलावर मोजमापाची हत्यारं असायची, त्यांना हे गेज म्हणत. पण कारखान्यात नाव होतं ते ह्यांच्या उजव्या हाताचं. व्हॉल्वची मूठ अंगठा आणि दोन बोटांत धरून जराशी हलवायची, आणि म्हणायचं, ‘ह्यात ढिलाई आहे.’ मग गेज लावलं की खरंच ढिलाई निघायची. त्याच हाताच्या पगारावर आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडला स्वतःचं वन बीएचके घेतलं आणि मुलाला इंजिनीयर केलं. मी शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, माझाही हातभार होता. पण घर उभं राहिलं ते ह्यांच्या बोटांवर, हे मी कुणालाही सांगेन.

जेवताना हे कारखान्यातल्या गोष्टी सांगत. एक गोष्ट तर इतक्यांदा ऐकलीय की आमच्या मुलालाही पाठ आहे. नवा इन्स्पेक्टर कामाला लागला की त्याच्या अंगात येतं, आणि एक दिवस तो लॉटच्या लॉट रिजेक्ट करून ठेवतो. छाती काढून सांगायला येतो, की साहेब, सगळा माल खराब. अशा वेळी मालाकडे बघायचंच नाही. कपाटातून मास्टर काढायचा. मास्टर म्हणजे असा एक पीस, की ज्याचं माप बरोबर आहे याची आधीच खात्री करून मखमलीच्या पेटीत ठेवलेला असतो. तोही त्या गेजवर रिजेक्ट झाला, म्हणजे खोट मालात नाही, गेजमध्ये आहे. ‘सगळंच खराब दिसायला लागलं ना, की आधी गेज तपासायचं,’ असं म्हणून हे भाताचा पुढचा घास घ्यायचे. मग त्या गेजचं काय करायचं, असं मुलानं लहानपणी विचारलं होतं. ‘काय करायचं? लाल चिठ्ठी लावायची आणि दुरुस्तीला पाठवायचं. रोज काम केलं की घासणारच ते. त्यात त्याचा काय दोष?’

गेल्या वर्षी ह्यांच्या हातातून फोन पडायला लागला. पहिल्यांदा स्वयंपाकघरात, मग लिफ्टसमोर, आणि शेवटी स्टेशनजवळच्या फुटपाथवर असा पडला की स्क्रीनवर नुसत्या रेघा राहिल्या. ह्यांनी सगळा दोष फोनला दिला. त्या फोनची पाठ काचेची होती. मुलानं भेट दिला होता म्हणून इतके दिवस गप्प होते, आता तोंड सुटलं. ‘पाठीला काच! ज्या बाजूनं धरायचं तीच बाजू गुळगुळीत! हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?’ मी हो ला हो केलं. बोलणं खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

कारण मी बाकीचंही बघत होते. सकाळी हे पेपर वाचायला घेत तेव्हा पेपरचा उजवा कोपरा पंखा बंद असतानाही थरथरत असायचा. बशीत ओतून चहा प्यायची ह्यांची जन्माची सवय, ती सुटली होती. आता मोठ्या मगात अर्धाच चहा लागायचा. शर्ट जाऊन टी-शर्ट आले होते. ‘बटणं कोण लावत बसणार, उकडतं किती!’ म्हणे. एकदा मी डॉक्टरांचा विषय काढला, तर ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणून बाल्कनीत जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

मला आजाराची भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्याहून जास्त भीती वाटत होती ती निराळीच. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्याच्या कामाला पास-नापास केलं ते एका हाताच्या जिवावर, त्याला तोच हात कामातून गेला असं कुणी सांगितलं तर काय उरेल त्याच्याकडे? कारखाना सुटून किती वर्षं झाली, तरी बिल्डिंगमधली माणसं अजून नळ, कुलपं, मिक्सर घेऊन आमच्याकडे येतात. हे हातात धरतात, हलवतात, निकाल देतात. तेवढ्यापुरता चेहरा कसा उजळतो ते मी बघते. तो उजेड मला जायला नको होता.

मुलगा पुण्याला असतो. त्याला फोन फुटल्याचं कळलं तसं तो म्हणाला, ‘बाबा, मी ऑनलाइन मागवतो, परवा घरी येईल.’

‘हातात न घेता?’ हे माझ्या फोनवरून त्याच्यावर ओरडले. ‘अरे, तुझी आई दुधीसुद्धा नख लावून घेते!’

मग त्यानं नाना प्रकारच्या फोनांची माहिती पाठवली. रॅम किती, कॅमेरा किती, बॅटरी किती. ह्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, ‘हे आतलं झालं. बांधणीबद्दल एक अक्षर नाही.’ ह्यांचं म्हणणं सरळ असतं. वस्तूचा ज्या भागाला रोज हात लागतो तिथे पैसा घातलेला असावा. फोनचं बटण दिवसातून किती वेळा दाबतो, चार्जरची पिन रोज घालतो-काढतो, कडा तर सारख्या तळहातात असतात. तिथे काटकसर करायची आणि पाठीवर चौथं भिंग लावून किंमत वाढवायची, याला हे फसवणूक म्हणतात. ‘चार भिंगांतून बघितलं तरी फोटोत माणूस तोच येणार ना!’ महाग फोनला हे भुलत नाहीत आणि स्वस्ताला भाळत नाहीत. दिलेला पैसा वस्तूत कुठे दिसतो, एवढंच शोधतात. त्यांचं हे शोधणं मला मनापासून आवडतं, फक्त ते चालू असताना माझे पाय दुखतात.

पहिल्यांदा आम्ही आमच्याच रस्त्यावरच्या दुकानात गेलो. ह्यांनी फोन हातात घेतला. पाठ अंगठ्यानं दाबून कुरकुरते का ते बघितलं. कड डोळ्यांसमोर आडवी धरून फट शोधली. मग खुळखुळ ऐकू येते का म्हणून फोन कानाजवळ नेला, दोन बोटांत हलकेच धरला आणि डाव्या हाताच्या नखानं बाजूचं बटण चाचपलं. ही खरी परीक्षा. बटण जागच्या जागी घट्ट असलं पाहिजे, दाबल्याशिवाय हलता कामा नये.

‘हिल रहा है,’ हे दुकानदाराला म्हणाले.

‘अंकल, फोन ही तो है, थोडा बहुत चलता है. सबसे ज्यादा यही बिक रहा है.’

‘बिकने का क्या है? पास होना चाहिए.’

दुसरा काढला, तोही हलला. तिसरा महागातला, त्याच्या बटणालाही ढिलाई. दुकानदार माझ्याकडे बघून हसला, मीही हसले. बाहेर पडल्यावर हे खुशीत होते. ‘बघितलंस? एवढी किंमत लावतात आणि बटण नीट बसवता येत नाही.’ पण फोन कानाशी धरलेला असताना ह्यांच्या टी-शर्टची बाहीसुद्धा हलत होती, ते मला दिसलं होतं.

मग एका रविवारी मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथे सगळे फोन टेबलाला वायरनं बांधून ठेवलेले. वायरची ओढ लागते, त्यानं खरं वजन कळत नाही, अशी तक्रार ह्यांनी लगेच केली. एक फोन जरा जास्त ओढला तर भोंगा वाजला आणि सगळं शोरूम आमच्याकडे बघायला लागलं. मला हसू आवरेना. ह्यांच्यावर परिणाम शून्य. एकामागून एक फोन कानाशी नेत गेले आणि रिजेक्ट करत गेले. शेवटी एक माझ्या हातात दिला.

‘तू बघ. हलतंय ना?’

मी बटण चाचपलं. घट्ट होतं. सगळा जोर लावून हलवलं असतं तरी हललं नसतं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, शाळेतलं पोर पेपर तपासून मिळण्याची वाट बघतं तसे.

‘थोडंसं,’ मी म्हटलं.

‘थोडं नाही, चांगलं हलतंय,’ हे म्हणाले आणि समाधानानं फोन ठेवला. परत येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी हे बाहेर बघत नव्हते. म्हणाले, ‘आजकाल काही चांगलं बनतच नाही बघ. सगळ्याच कंपन्या सारख्या. कुणाला कामाची लाज उरली नाही.’ एरवी असं बोलले असते तर मी थट्टा केली असती. त्या दिवशी मला रडू यायला लागलं. सगळं जग ढिलं झालंय असं वाटत होतं त्यांना, आणि मी त्यात भर घातली होती.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी भाईंदर पश्चिमेला राईच्या वाटेवरचं एक दुकान सांगितलं. दुकान एका बाईचं, ती खोक्यातून फोन काढून हवा तितका वेळ हाताळू देते, खरेदी नाही केली तरी तोंड वाकडं करत नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही तिकडे गेलो. राई जुनं गाव. अजून काही घरांपुढे जाळी वाळत घातलेली असतात आणि मागे टॉवर उभे असतात. बाईचं दुकानही राहत्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. चाळिशीची असेल. ‘बसा ओ काका,’ म्हणून तिनं ह्यांना खुर्ची दिली, काउंटरवर एक जाड नॅपकिन पसरला आणि त्याच्यावर फोन मांडले.

परीक्षा सुरू झाली. पहिल्या फोनची पाठ प्लास्टिकची, खरबरीत, हाताला धरून राहणारी. ह्यांना ती आवडलेली दिसली. कडेला फट नव्हती. चार्जरची पिन घातली तर घट्ट बसली. दोनच भिंगं होती, तीही पाठीच्या सपाटीत, त्यामुळे फोन टेबलावर ठेवला की डुगडुगत नव्हता. किंमतही आमच्या बेतात. मला वाटलं, झालं आता. मग हे तो कानाशी घेऊन गेले.

‘हलतंय.’

दुसरा. ‘हलतंय.’ तिसरा. ‘हा पण.’

बाईनं ह्यांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नजर वळवली. तिला कळलं होतं. पण ती काही मुद्दाम बोलली असं मला वाटत नाही, दुकानदार बोलतो तेच बोलली.

‘काका, ह्याचा बटन हलत न्हाय. मी सोता हाच वापरते, दोन वर्सं झाली. हा बगा, माझ्याकडं हाच हाय.’

तिनं स्वतःचा फोन पुढे केला. ह्यांनी तो घेतला नाही. नॅपकिनवर ओळीनं ठेवलेल्या फोनांकडे बघत बसले. सगळे नापास. मीरा रोडचे नापास, शोरूमचे नापास, आता हेही. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. ती आठी माझ्या ओळखीची आहे. कारखान्यातून घरी आल्यावर एखादा हिशेब जुळत नसला की ती पडायची.

‘तुझा फोन दे,’ ते मला म्हणाले.

माझा फोन ह्यांनीच निवडला होता, कोविडच्या आधी. तेव्हाही असंच दुकानं पालथी घातली होती, आणि शेवटी एक फोन कानापासून खाली घेत, खास ठेवणीतल्या आवाजात म्हणाले होते, ‘ह्यात खोट नाही. हा पास.’ घरात मास्टर म्हणावा असा तेवढाच होता. देऊ नये असं वाटलं. पर्समध्ये हात घालून मी उगाच चाचपत राहिले.

‘अगं, दे ना.’

दिला. ह्यांनी त्याचं कव्हर काढलं. दोन बोटांत धरला. कानाशी नेला. डाव्या हाताचं नख बटणावर ठेवलं आणि डोळे मिटले. मग डोळे उघडले. फोन नॅपकिनवर ठेवून तेच बटण पुन्हा चाचपलं. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मग डाव्या हातात धरून बघितलं. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या.

हे माझा फोन कव्हरमध्ये घालायला लागले. कव्हर नीट बसेना. मी हात पुढे केला नाही, का ते मला सांगता येणार नाही. बसलं शेवटी.

‘तुमचे सगळे फोन बरोबर आहेत,’ ते बाईला म्हणाले. ‘सगळे पास. पहिला दाखवलात तो द्या.’

भावात घासाघीस केली नाही. आमच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. बाईनं जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं. मग विचारल्याशिवाय एक जाड रबरी कव्हर चढवलं आणि त्याला मनगटात अडकवायची दोरी बांधली. एरवी कव्हर म्हटलं की हे भडकतात. चांगली बांधणी केलेली वस्तू झाकून कशाला ठेवायची, असा वाद घालतात. त्या दिवशी दोरी बघितली, आणि उजवा हात पुढे करून ती मनगटात घालून घेतली.

‘असा बरा हाय, काका,’ बाई म्हणाली. ‘हातातून सुटला तरी जात न्हाय कुटं.’

बसस्टॉपवर बाकडं रिकामं होतं. आम्ही बसलो. समोरच्या मोकळ्या जागेत पूर्वी मिठागरं होती, आता पत्र्याचं कुंपण आहे. ह्यांनी उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून, फोनची दोरी तशीच मनगटात.

‘धर. मी फोन धरतो तसा.’

मी अंगठा आणि दोन बोटांत त्यांचा अंगठा धरला.

‘हलतंय?’

ह्या प्रश्नाला मी शोरूममध्ये एक उत्तर दिलं होतं. वर्षभर गप्प राहून रोजच देत होते. हात माझ्या हातात होता, आणि आत कुणीतरी बारीक टिचक्या मारत असावं तसा तो थांबत नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना दिलासा नको होता. माप हवं होतं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘हलतंय.’

‘शोरूममधला फोन हलत नव्हता ना?’

‘नाही.’

‘मग चुकीचं सांगितलंस मला.’

‘सांगितलं,’ मी म्हटलं, आणि रडायला लागले. बसस्टॉपवर, भर दुपारी. एक रिक्षावाला ‘स्टेशन, स्टेशन’ करत आमच्यासमोर थांबला आणि माझं तोंड बघून पुढे निघून गेला. ह्यांनी हात काढून घेतला नाही. माझं रडणं ओसरेपर्यंत थांबले.

‘रोज काम केलं की घासणारच,’ मग म्हणाले. ‘चल, डॉक्टरांचा नंबर सांग.’

‘घरी जाऊन लावू की.’

‘नको. आत्ताच.’

नव्या फोनवर हे नंबर लावायला लागले. बोट एका आकड्यावर न्यायचं आणि पडायचं शेजारच्यावर. पुसून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चुकलं. बस आली, मी ती जाऊ दिली. माझ्या हाताला नुसती खाज सुटली होती, की तो फोन ओढून घ्यावा आणि क्षणात नंबर लावून द्यावा. दोन्ही हात मी मांडीखाली दाबून बसले.

नंबर लागला. पलीकडे कुणीतरी उचलला. हे बाकड्यावर पाठ ताठ करून बसले, आणि कारखान्यातून लॉटचा निकाल कळवावा तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘नमस्कार. उद्याची वेळ हवी होती. माझा उजवा हात दाखवायचाय. हलतोय.’